जुनी भाषा, चालू खाते

एप्रिल २०२०. करोनाच्या पहिल्या लाटेत अमेरिकेत लाखो माणसांच्या नोकऱ्या एका फटक्यात गेल्या होत्या. २८ मार्चला संपलेल्या आठवड्यात बेकारी भत्त्यासाठी, त्या वेळी जाहीर झालेल्या आकड्यानुसार, सुमारे ६६ लाख नवे अर्ज आले. करोनापूर्वीचा विक्रम होता १९८२ मधल्या एका आठवड्याचा, ६ लाख ९५ हजारांचा. न्यू जर्सी राज्याची भत्ता देणारी यंत्रणा या ओझ्याखाली दबली आणि गव्हर्नर फिल मर्फी यांनी पत्रकार परिषदेत मदतीची हाक दिली. साथीच्या काळात डॉक्टर-परिचारिका हव्या असणे समजण्यासारखे होते. मर्फी यांना मात्र आणखी एका प्रकारचे स्वयंसेवक हवे होते, ते म्हणजे कोबॉल जाणणारे प्रोग्रॅमर.

या आवाहनाची जगभर बातमी झाली. साठ वर्षांची भाषा, चाळीस वर्षांहून जुनी यंत्रणा आणि निवृत्त झालेले जाणकार असा सगळा मसाला तयार होता. जुनाट भाषेने ऐन वेळी घात केला, असाच बहुतेकांचा समज झाला. तो घाईचा होता. संगणनाच्या इतिहासाचे अभ्यासक मार हिक्स यांनी त्याच वर्षी लिहिलेल्या लेखात एक वेगळीच बाजू पुढे आणली. त्यांच्या म्हणण्यानुसार न्यू जर्सीत गडबड झाली ती लोक ज्या संकेतस्थळावरून अर्ज भरत होते तिथे, आणि हा दर्शनी भाग कोबॉलपेक्षा कितीतरी नव्या अशा जावा भाषेत लिहिलेला होता. दारच अडले होते, आणि दोष आतल्या जुन्या तिजोरीला दिला जात होता.

कोबॉल आजही वापरात आहे, आणि त्यात लाजण्यासारखे काही नाही. लाज वाटावी अशी गोष्ट वेगळी आहे. ज्या यंत्रणांवर लोकांचा भत्ता, निवृत्तिवेतन आणि बँकेतली शिल्लक अवलंबून आहे, त्या समजणारी माणसे घडवणे अनेक संस्थांनी थांबवले, आणि अडचण आली की खापर भाषेच्या माथी फोडले. यंत्रणा म्हातारी होणे अटळ असते. तिची माहिती हरवू देणे हा मात्र निष्काळजीपणा आहे, आणि त्याची किंमत मोजतो तो रांगेत उभा असलेला माणूस.

ही भाषा जन्मली तीच एका व्यवहारी अडचणीतून. १९५० च्या दशकात प्रत्येक कंपनीच्या संगणकाची तऱ्हा वेगळी होती. एका यंत्रासाठी लिहिलेला पगाराचा प्रोग्रॅम दुसऱ्या यंत्रावर चालत नसे. नवे यंत्र घेतले की सगळे हिशेब नव्याने लिहायचे, आणि तो खर्च यंत्राच्या खर्चाच्या जोडीला. बरोज कंपनीतल्या मेरी हॉज यांनी १९५९ च्या सुरुवातीला हा प्रश्न लावून धरला. सर्व यंत्रांवर चालेल अशी व्यापारी हिशेबांची एकच भाषा का असू नये? अमेरिकेच्या संरक्षण खात्याकडे तऱ्हेतऱ्हेचे संगणक होते, त्यामुळे त्यालाही ही कल्पना पटली. २८ आणि २९ मे १९५९ रोजी पेंटागॉनमध्ये चार्ल्स फिलिप्स यांच्या पुढाकाराने सुमारे ४० जणांची बैठक भरली. त्यात संगणक बनवणाऱ्या कंपन्यांचे, सरकारी खात्यांचे आणि संगणक वापरणाऱ्या उद्योगांचे प्रतिनिधी होते.

तिथे कामाची विभागणी ठरली. एका समितीने झटपट, तात्पुरती भाषा तयार करायची आणि मग इतर समित्यांनी सावकाश अभ्यास करून चांगली, टिकाऊ भाषा घडवायची. ती टिकाऊ भाषा कधीच आली नाही. दीर्घ पल्ल्याची समिती तर स्थापनच झाली नाही. ‘तात्पुरती’ म्हणून बनवलेली भाषा म्हणजेच कोबॉल. कॉमन बिझनेस ओरिएंटेड लँग्वेज या नावातली अक्षरे जुळवून तो शब्द तयार झाला. सरकारी कचेऱ्यांमध्ये ‘तूर्तास’ म्हणून केलेली सोय पिढ्यान्‌पिढ्या चालते, हा अनुभव काही फक्त महाराष्ट्राचा नाही.

तपशिलाचे बरेचसे काम केले ते सहा जणांच्या गटाने. त्यात आयबीएमच्या गर्ट्रूड टिअर्नी आणि सिल्व्हेनिया कंपनीच्या जीन सॅमेट या दोघी होत्या. नौदलातून संगणकाकडे आलेल्या ग्रेस हॉपर यांना ‘कोबॉलची आई’ म्हटले जाते. त्या समितीत प्रत्यक्ष बसल्या नव्हत्या, पण त्यांनी आधी घडवलेली फ्लो-मॅटिक ही भाषा कोबॉलचा मुख्य पाया ठरली, म्हणून ही पदवी अगदीच चुकीची नाही. हॉपर यांचा आग्रह असा होता की हिशेबनीस आणि व्यवस्थापक यांना गणिती चिन्हांची सक्ती नको, त्यांना सूचना शब्दांत लिहिता आल्या पाहिजेत. हे पटवण्यासाठी त्यांनी एकच छोटा प्रोग्रॅम इंग्रजी, फ्रेंच आणि जर्मन शब्दांत चालवून दाखवला. वरिष्ठ हरखण्याऐवजी दचकले. अमेरिकेत बनलेल्या यंत्राला फ्रेंच-जर्मन कसे कळेल, असा त्यांचा सवाल होता. यंत्राला इंग्रजीही कळत नाही, त्याच्या लेखी शब्द म्हणजे फक्त ठरवलेल्या खुणा, हा साधा मुद्दा त्यांच्या गळी उतरवायला हॉपर यांना बरेच दिवस लागले.

भाषा तयार होताना ती टिकेल यावर तिच्या जन्मदात्यांचाही विश्वास नव्हता. काम रेंगाळल्याने वैतागलेल्या हॉवर्ड ब्रॉमबर्ग या सदस्याने ‘कोबॉल’ असे कोरलेला थडग्याचा दगड विकत घेऊन फिलिप्स यांच्याकडे पाठवून दिला. तो दगड आज कॅलिफोर्नियातल्या संगणक इतिहास संग्रहालयात आहे. पण डिसेंबर १९६० मध्ये एकच कोबॉल प्रोग्रॅम, किरकोळ बदल करून, आरसीए आणि युनिव्हॅक या दोन वेगळ्या कंपन्यांच्या यंत्रांवर चालवून दाखवण्यात आला. संगणकाच्या इतिहासात ही मोठी घटना होती. पाठोपाठ संरक्षण खात्याने कोबॉल चालणारेच संगणक घेण्याचे धोरण जाहीर केले. सर्वांत मोठ्या गिऱ्हाइकाने अट घातल्यावर कंपन्यांना दुसरा मार्ग उरला नाही.

कोबॉल टिकली ती केवळ सरकारी अटीमुळे नाही. पैशाचा हिशेब ही एकच गोष्ट तिने नीट ओळखली होती. एकूण पगारातून कर वजा करून हाती येणारी रक्कम काढायची असेल तर कोबॉलमधले वाक्य जवळजवळ असे असते : ‘सबट्रॅक्ट टॅक्स फ्रॉम ग्रॉस-पे गिव्हिंग नेट-पे’. प्रोग्रॅमिंग न शिकलेल्या लेखापालालाही यातून काय चालले आहे ते कळते. शिवाय प्रत्येक रकमेचा साचा आधीच सांगावा लागतो. रुपयांसाठी पाच अंक, पैशांसाठी दोन आणि मध्ये दशांश चिन्हाची जागा, असे ते सांगणे असते. खतावणीची पाने आखून घ्यावीत, तसाच हा प्रकार.

या आखणीमागे एक शास्त्रीय कारणही आहे. संगणक आतून शून्य आणि एक या दोनच अंकांवर चालतो. दशमान पद्धतीत एक तृतीयांश पूर्णपणे लिहिता येत नाही, ०.३३३३ असे ते लांबतच जाते. तसेच शून्य आणि एकच्या पद्धतीत एक दशांश, म्हणजे रुपयातले दहा पैसे, पूर्णपणे लिहिता येत नाहीत. विज्ञानाच्या गणितासाठी बनवलेली संख्यापद्धत वापरली तर ०.१ आणि ०.२ यांची बेरीज बरोबर ०.३ येत नाही, शेवटच्या कुठल्यातरी स्थानावर बारीकसा कचरा उरतो. उपग्रहाच्या कक्षेच्या गणितात असा कचरा खपून जातो. कोट्यवधी खात्यांवर रोज व्याज मोजणाऱ्या बँकेला तो खपत नाही, कारण तिथे पै न् पै जुळावी लागते. कोबॉल पहिल्यापासून दशमान पद्धतीनेच हिशेब करते. नव्या भाषांतही त्यासाठी सोयी आहेत, पण त्या आठवणीने वापराव्या लागतात. कोबॉलमध्ये ती मूळ रीतच आहे.

तिच्यात उणिवा नव्हत्या असे नाही. दोन ओळींच्या कामाला ती दहा ओळी घेते. जुन्या कोबॉलमध्ये प्रोग्रॅम एका जागेवरून दुसरीकडे मनमानी उड्या मारू शके, आणि मग तो वाचणे म्हणजे गुंतलेला दोरा सोडवणे होई. नामवंत संगणकशास्त्रज्ञ एड्सखर डाइक्स्ट्रा यांनी तर १९७५ मध्ये कोबॉल शिकवण्याला गुन्हा ठरवावे, इतकी जहरी टीका केली. विद्यापीठांनी या भाषेकडे पाठ फिरवली त्यामागे अशा मतांचाही हात होता. टीकेतले बरेच मुद्दे रास्त होते, आणि १९८५ च्या प्रमाणित आवृत्तीत त्यातल्या अनेक दोषांवर उपायही झाले. त्यानंतर २००२, २०१४ आणि २०२३ मध्येही तिच्या नव्या आवृत्त्या आल्या. भाषा बदलत राहिली, पण तिच्याबद्दलचे मत १९७५ मध्येच गोठून बसले.

दरम्यान वर्गाबाहेर तिचा पसारा वाढतच होता. रॉयटर्सने २०१७ मध्ये दिलेला अंदाज असा : कोबॉलच्या २२० अब्ज ओळी वापरात आहेत, बँकिंग यंत्रणांपैकी ४३ टक्के तिच्यावर उभ्या आहेत आणि एटीएमवरच्या ९५ टक्के व्यवहारांत कुठेतरी कोबॉलचा हात असतो. असे आकडे जमेल तसे गोळा केलेले असतात, त्यांवर अक्षरशः विसंबू नये. पण व्याप्ती कळायला ते पुरेसे आहेत. अमेरिकेच्या एकट्या सामाजिक सुरक्षा प्रशासनाकडे, म्हणजे वृद्धांना निवृत्तिवेतन देणाऱ्या खात्याकडे, कोबॉलच्या सहा कोटींहून अधिक ओळी होत्या.

भारताचा या भाषेशी संबंध आला तो मोठ्या प्रमाणावर ‘वायटूके’च्या निमित्ताने. सुरुवातीच्या संगणकांत स्मृतीची इतकी चणचण होती की आयबीएमच्या १४०१ या गाजलेल्या संगणकाच्या सर्वांत लहान प्रकारात जेमतेम १,४०० अक्षरे मावत. अशा काळात १९६४ ऐवजी नुसते ६४ लिहून दोन अक्षरे वाचवणे हा शहाणपणाच होता. ते प्रोग्रॅम शतकाच्या अखेरीपर्यंत चालतील असे लिहिणाऱ्यांना वाटले नव्हते. २००० साल जवळ आले तसे या दोन अंकांचे काय होणार, या प्रश्नाने जग धास्तावले. कोट्यवधी ओळी वाचून तारखा दुरुस्त करणारे हात हवे होते, आणि ते भारतात होते. मुंबईच्या सीप्झपासून बंगळूरु-चेन्नईपर्यंतच्या कंपन्यांना हे काम मिळाले. गल्लोगल्लीच्या संगणक क्लासमध्ये कोबॉल शिकलेली मुले अमेरिकेला गेली. भारतीय सॉफ्टवेअर उद्योगाने परदेशी गिऱ्हाइकांचा विश्वास कमावला त्यात या कंटाळवाण्या कामाचा मोठा वाटा आहे.

१ जानेवारी २००० उजाडला आणि फारसे काही बिघडले नाही. लगेच ‘उगाच बाऊ केला’ अशी टीका सुरू झाली. आरोग्यक्षेत्रातल्या लोकांना हा सूर ओळखीचा वाटेल. लसीकरणामुळे रोग दिसेनासा झाला की ‘आता लस कशाला’ असे विचारणारे निघतातच. देखभाल नीट झाली की तिचे फळ म्हणजे काहीच न घडणे, आणि काहीच न घडल्याची बातमी होत नाही. म्हणून देखभालीला मान मिळत नाही, मान नाही म्हणून पैसा मिळत नाही आणि हुशार मुले तिकडे वळत नाहीत. कोबॉलची खरी दुखणी या साखळीतून आली आहेत.

यावर सोपे उत्तर सुचवले जाते : जुने काढून टाका, नवे लिहा. काही ठिकाणी ते करावेच लागते, आणि नीट केले तर जमतेही. ऑस्ट्रेलियाच्या कॉमनवेल्थ बँकेने आपली मूळ यंत्रणा बदलली. त्याला सुमारे पाच वर्षे आणि एक अब्ज ऑस्ट्रेलियन डॉलरहून अधिक खर्च आला. ब्रिटनमधल्या टीएसबी बँकेचा अनुभव उलटा. एप्रिल २०१८ मध्ये तिने सर्व ग्राहकांची खाती एका झटक्यात नव्या यंत्रणेवर हलवली. सुमारे १९ लाख लोकांना आपल्या खात्यापर्यंत पोहोचता येईना, पूर्ववत व्हायला महिने गेले, आणि २०२२ मध्ये नियामकांनी बँकेला ४ कोटी ८६ लाख पौंडांहून अधिक दंड ठोठावला. दोष कुठल्या एका भाषेचा नव्हता. पुरेशा चाचण्या न करता लोकांचे पैसे एका घरातून दुसऱ्या घरात नेण्याची घाई नडली.

आता कृत्रिम बुद्धिमत्तेचा आधार घेतला जात आहे. कोबॉलचे जावात रूपांतर करायला मदत करणारे साधन आयबीएमने २०२३ मध्ये जाहीर केले, आणि अशी साधने सुधारत जाणार यात शंका नाही. त्यांचा उपयोग जरूर करावा. पण प्रोग्रॅममधल्या ओळी दुसऱ्या भाषेत उतरवणे हा कामाचा सोपा भाग आहे. एखाद्या पेन्शन योजनेच्या प्रोग्रॅममध्ये ‘अमुक तारखेपूर्वी रुजू झालेल्यांना हा नियम लावू नये’ अशी एक अट सापडते. ती कायद्यातल्या दुरुस्तीमुळे आली, न्यायालयाच्या निकालामुळे, की कोणा कर्मचाऱ्याने एका वर्षापुरती घातलेली आणि काढायची राहून गेलेली ती अट आहे? यंत्र ती अट चोख उतरवून देईल. ती का आहे, हे ओळींमध्ये लिहिलेले नसते. ते माणसांच्या डोक्यात असते, आणि ती माणसे निवृत्त होतात.

म्हणून ‘कोबॉल येणारे मिळत नाहीत’ ही तक्रार अर्धीच खरी आहे. भाषा शिकणे अवघड नाही. न्यू जर्सीच्या आवाहनानंतर काही दिवसांतच ओपन मेनफ्रेम प्रोजेक्ट या संघटनेने कोबॉलचा मोफत अभ्यासक्रम खुला केला, आणि मुंबई-पुण्यातली मुले आजही परदेशी बँका आणि विमा कंपन्यांसाठी ती नोकरी लागल्यावर शिकून घेतात. शिकायला वेळ लागतो तो त्या विशिष्ट संस्थेचे नियम, अपवाद आणि चाळीस वर्षांत साचलेल्या दुरुस्त्या समजायला. त्यासाठी जुन्या माणसाशेजारी नव्याला दोन-तीन वर्षे बसवावे लागते. तेवढे दोन पगार एकाच कामासाठी द्यायला जी संस्था तयार नसते, तिला पुढे त्याच्या कितीतरी पट रक्कम सल्लागारांना द्यावी लागते.

भारतासाठी हा धडा दूरदेशीचा नाही. आधारचा पहिला क्रमांक २०१० मध्ये नंदुरबार जिल्ह्यातल्या टेंभली गावात दिला गेला. यूपीआय २०१६ मध्ये सुरू झाले. महाराष्ट्रात सातबारा संगणकावर आला, फेरफारही ऑनलाइन होऊ लागले. या यंत्रणा आज नव्या आणि कौतुकाच्या आहेत. १९६० मध्ये कोबॉलही तशीच होती. टेंभलीचा तो क्रमांक पन्नास वर्षांचा होईल तेव्हा २०६० साल असेल. रेशन, पेन्शन आणि जमिनीचा हक्क त्या वेळी ज्या प्रोग्रॅमवर अवलंबून असेल, तो कोणी लिहिला, त्यातली प्रत्येक अट का घातली आणि ती बदलायची तर कुठे हात लावायचा, हे सांगणारा कोणी असेल का? याचे उत्तर २०६० मध्ये शोधून मिळणार नाही, ते आजच्या करारांमध्ये लिहावे लागेल.

करायच्या गोष्टी फार क्रांतिकारक नाहीत. सरकारी यंत्रणेच्या कंत्राटात प्रोग्रॅमइतकेच महत्त्व त्याच्या लेखी स्पष्टीकरणाला द्यावे, आणि ते नसेल तर बिल अडवावे. उद्घाटनाच्या खर्चाबरोबर पुढच्या वीस वर्षांच्या देखभालीची तरतूद दाखवणे बंधनकारक करावे. यंत्रणेच्या मागचे नियम साध्या मराठीत प्रसिद्ध करावेत, म्हणजे संगणकाने अर्ज नाकारला तर तो कोणत्या नियमाने, हे नागरिकाला विचारता येईल. अभियांत्रिकी महाविद्यालयांतही नवा प्रोग्रॅम लिहिण्याइतकेच गुण दुसऱ्याने लिहिलेला जुना प्रोग्रॅम वाचून दुरुस्त करायला असावेत, कारण नोकरीत बहुतेकांच्या वाट्याला तेच काम येते.

एखाद्या कार्यालयाच्या खिडकीवर ‘आमची सिस्टिम जुनी आहे’ असे उत्तर मिळते, तेव्हा समोरचा माणूस निमूट परत फिरतो. त्याने फिरू नये. ती सिस्टिम समजणारे किती जण उरलेत आणि त्यांच्या हाताखाली सध्या कोण शिकत आहे, एवढे त्याने विचारावे.